कुंकवाचं चीट

लोणावळ्याच्या बाजारात शिवणाचं एक दुकान होतं, ते चंद्रिकाताईंचं. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे दोन मशिनी आणि कापड बेतायचं टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे त्यांची चूल. मी आणि माझी थोरली जाऊ अंबूबाई, आम्ही दोघी तिथे कामाला होतो. मी काजं करायची, बटणं लावायची. अंबूबाई हातशिलाई करायच्या. मी त्यांना आक्का म्हणे. आम्ही बेडशाच्या, पण आमचे दोघींचे घरधनी रेल्वेच्या गँगमध्ये घाटातल्या लायनीवर होते, म्हणून लोणावळ्यात खोली करून राहिलो होतो.

ताई तळेगावच्या, शिकलेल्या घरातल्या. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच नवरा तापाने गेला. घरात दीर होते, अनंतराव, वडगावच्या कचेरीत नोकरीला. त्यांनी भावजयीला कधी उपाशी ठेवलं नाही, पण स्वयंपाकघराबाहेर तिला जागा नव्हती. ताईंनी हट्टाने पुण्याला जाऊन शिवण शिकून घेतलं आणि लोणावळ्याला दुकान काढलं. दिरांनी एकच अट घातली होती. दुकान चाललं नाही तर निमूट परत यायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही. ही अट ताई हसत हसत सांगायच्या, पण गिऱ्हाईक कमी झालं की त्यांचं जेवण तुटायचं, ते आम्हाला दिसायचं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. गावातल्या बायका पोलकी आणि मुलींचे परकर शिवून घ्यायच्या. उन्हाळ्यात मुंबईची माणसं बंगल्यांवर हवा खायला यायची, त्यांच्या मुलींचे झगे असत. खरं दुकान चालायचं ते ह्या झग्यांवर. विलायती कापडाच्या होळ्या होऊन गेल्या होत्या. खादीवाले येता-जाता दुकानाकडे बघून एखादा शब्द टाकायचे, आणि त्यांच्याच घरच्या मुली चार दिवसांनी जपानी चिटाचं पोलकं टाकायला यायच्या. चीट म्हणजे छापील सुती कापड. जपानहून ते तेव्हा गाड्या भरभरून येई, आणि ताईंची अडचण तीच होती. जे चीट मुंबईत तेच पुण्यात आणि तेच आमच्याकडे. एकदा दोन बंगल्यांतल्या मुली एकाच चिटाचे झगे घालून समोरासमोर आल्या. एकीच्या आईने झगा आणून टेबलावर टाकला आणि म्हणाली, असले तर आमच्या मोलकरणीच्या पोरीही घालतात.

त्या दिवसापासून ताईंच्या मनाने घेतलं की आपलं स्वतःचं चीट हवं, दुसऱ्या कुणाकडे नसलेलं. केशवराव म्हणून त्यांच्या नवऱ्याचे शाळासोबती होते. ते मुंबईच्या कापडबाजारात एका आडत्याकडे होते, जपानहून माल मागवायचं काम बघत. त्यांनी सांगितलं की पेटीभर माल घ्यायची तयारी असेल तर तिकडचे लोक हवी ती नक्षी छापून देतात. मात्र चिठ्ठीचपाटी लिहून काही उपयोग नाही. पांढऱ्या कापडावर नक्षी रंगवून पाठवायची. ते कापड बघून ते जसंच्या तसं करतात, दोरा वाकडा असेल तर वाकडाच छापतात.

ताईंनी पाटल्या मोडल्या. श्रावण सरत आला होता, खंडाळ्याच्या बाजूला उतरणी तेरड्याने गुलाबी झाल्या होत्या. ताई आम्हाला घेऊन तिकडे गेल्या, तेरड्याचे झेले आणून पाण्यात ठेवले आणि कितीतरी दिवस मांडीवर पाट घेऊन रंगवत बसल्या. हिरवट पानं, त्यावर तेरड्याची फुलं, एखादं गळून पडलेलं. असं चीट मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

नमुना पाठवायचा तो शुक्रवार होता. ताई सुतळी शोधायला पडद्यामागे गेल्या. आक्कांनी पिशवीतून करंडा काढला आणि नमुन्याच्या कोपऱ्याला करंगळीशेजारच्या बोटाने आधी हळद लावली, मग कुंकू. आमच्यात नवं भांडं घरात आलं, गाय आली, शिवणाची मशीन आली, तरी हळदकुंकू लावल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. ताईंना ते लावता येत नव्हतं, म्हणून आक्कांनी लावलं. कुंकू लावताना बोट जरा घसरलं आणि शेपटीसारखा ओघळ उमटला.

ताई सुतळी घेऊन आल्या आणि कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, एवढ्या मेहनतीचं काम. त्यांनी खालच्या ओठाला दात लावला, कापडाची घडी घातली, तो कोपरा आत घेतला आणि पुडकं बांधलं. पाण्याचं बोट फिरवलं असतं तर डाग निघाला असता. कात्रीने कोपरा उडवता आला असता. त्यांनी यातलं काही केलं नाही.

शिमगा झाल्यावर पेटी आली. हमालाने ती दुकानात आणून फोडली. आत मेणकागद, त्याखाली ताग्यावर तागे. ताईंनी एक तागा टेबलावर उलगडला. तेरडा हुबेहूब आला होता. गळून पडलेलं फूलसुद्धा तसंच. आणि दर हातभर अंतरावर हळदीचा एक ठिपका, त्याला लागून कुंकवाचा, आणि कुंकवाला ओघळाची शेपटी.

ताई हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. मलाही हसू आवरेना. मी म्हटलं, आक्का, तुमचं बोट जपानला जाऊन आलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी आपलं बोट एका ठिपक्याशेजारी ठेवून पाहिलं. मग दुसऱ्या ठिपक्याशेजारी ठेवलं.

कापड बेतण्याआधी भिजवायची ताईंची रीत होती. त्यांनी हातभर तुकडा कापून बादलीत टाकला. थोड्या वेळाने पाहिलं तर फुलं पक्की, पानं पक्की, हळदही तशीच. फक्त कुंकवाचा लाल रंग सुटला होता. पाणी लालसर झालं होतं. आक्कांनी पटकन हात घालून तुकडा बाहेर काढला आणि पिळलाही नाही, तसाच पदरात धरला. पदर ओला होत गेला.

"ताई, ह्ये इकू नगा," त्या म्हणाल्या.

ताईंना आधी कळलंच नाही. मग आक्कांनी सांगितलं. हे कुंकू साधं छापलेलं नाही. ते त्यांच्या बोटाचं, त्यांच्या करंड्यातलं, त्यांच्या धन्याच्या नावाचं. ते आता घराघरांत जाणार, आणि दर धुण्याला बायका ते धुवून काढणार. माझे थोरले दीर हौशीराम भावजी रोज घाटात दरडीखाली काम करत होते. सवाष्णीने आपलं कुंकू परक्यांना धुवायला द्यायचं का, एवढाच आक्कांचा प्रश्न होता.

हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगीच जीव टांगणीला लावू नये. भावजींना काही झालं नाही. ते पेन्शन घेऊन, नातवंडं खेळवून म्हातारे झाले. आक्का त्यांच्या आधी गेल्या, मळवट भरून गेल्या. तेव्हा, धुण्याने काही होत नाही म्हणणाऱ्या ताईंचंच बरोबर होतं. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बरोबर असण्याने सगळं भागत नाही.

ताईंनी आधी नीट समजावलं. मग त्यांचा आवाज चढला.

"अंबूबाई, माझं कुंकू कुणी बादलीत धुतलं नव्हतं. मी वडाला फेऱ्या घातल्या, मंगळागौरी जागवल्या. तरी गेलंच ना?"

"तुमचं गेलं म्हून माजं बी जावं व्हय?"

बोलून गेल्यावर आक्कांनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द बोलला गेला होता. ताई उठल्या, कात्री घेतली आणि टेबलावर तागा सरळ करून बेतायला लागल्या. मी मध्ये पडून म्हटलं की ठिपके शिवणीत लपतील असं बेतू या, निदान समोर तरी दिसणार नाहीत. ताईंनी ते मानलं. पहिले दोन झगे तसे केले. कापड फार वाया गेलं, तरी केले.

मग रायवुडच्या बाजूच्या बंगल्यातल्या एक पारशीण बाई आल्या. झगा पाहून खूष झाल्या, मग तागा पाहिला आणि विचारलं, हा लाल-पिवळा ठिपका एवढा छान आहे, तो लपवला का? मुलीच्या झग्यावर तो पुढेच, छातीवर हवा. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं नाही. झगा शिवला गेला. आठ दिवसांत बंगल्या-बंगल्यातून मागणी सुरू झाली. कुणी विचारलं ह्या चिटाला काय म्हणायचं, तर बंगल्यांवरच्या गड्यांनीच नाव पाडलं, कुंकवाचं चीट. त्या उन्हाळ्यात कुंकवाच्या चिटाचा झगा नाही अशी मुंबईची मुलगी लोणावळ्यात दिसेना. गावातल्या बायकांनी मात्र ते घेतलं नाही. बघून हात लावून परत ठेवायच्या. कुंकवावरून कात्री कोण चालवील, म्हणायच्या.

भावजींनी सगळं हसण्यावारी नेलं. ते म्हणाले, माझा जीव काय एवढा सस्ता हाय, साबणाच्या फेसात जायला? आक्का त्यांच्यावरच चिडल्या.

तरी त्या कामावर येत राहिल्या. आक्कांनी ते चीट हातात घेतलं नाही आणि ताईंनीही त्यांना दिलं नाही. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. पूर्वी दुपारी आक्कांच्या फडक्यातली भाकर ताई हक्काने अर्धी मोडून घ्यायच्या. आता पडद्यामागे एकट्या जेवू लागल्या. मला वाटायचं, हंगाम संपेल, माल संपेल, हेही संपेल.

पण आक्का स्वस्थ नव्हत्या. भिमाजी परीट बंगल्यांचे कपडे वळवणच्या तळ्यावर धुवायचा. आक्का कामावरून सुटल्या की तिकडे जाऊ लागल्या. आधी त्यांनी त्याला विनवलं की तेवढे झगे दगडावर आपटू नको. तो मस्करी करायचा. "वयनी, सगळ्या बंगल्यांतनं तुमचंच कुंकू येतंय बगा. हौशीराम लय मोठ्ठा मानूस झाला." मग त्या स्वतःच ते झगे वेगळे काढून साध्या गार पाण्यातून काढू लागल्या, साबण न लावता, लाल ठिपका वर धरून, नुसता घेर बुडवून. मी एकदा त्यांना शोधत गेले तेव्हा पाहिलं. गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि कुणाच्या तरी लेकराचा झगा तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसा जपून धरला होता. मला म्हणाल्या, ताईंना बोलू नको.

मला बोलावं लागलंच नाही. मृगाच्या तोंडावर, बंगले बंद व्हायच्या आधी, त्या पारशीण बाई तावातावाने दुकानात आल्या. झगा मळकाच परत आला होता. त्यांनी परटाला दटावलं तेव्हा त्याने सांगितलं की शिवणाच्या दुकानातली बाई येते आणि झगे पाण्यात नुसते दाखवून काढते. बाईंनी विचारलं, तुम्ही गिऱ्हाइकांचे कपडे खराब करायला माणसं ठेवली आहेत का? दुकानात आणखीही दोन बायका होत्या.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. हंगामाचं गिऱ्हाईक असं चारचौघांत बोललं की पुढच्या वर्षी येत नाही. आणि गिऱ्हाईक नाही आलं तर तळेगावचं स्वयंपाकघर होतंच. त्यांना त्या क्षणी तेच दिसलं असणार.

"मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "अडाणी बाई आहे. तिला काही समजत नाही."

आक्का कोपऱ्यात तुरपाई करत होत्या. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला, सुई गादीत खोचली. हातातलं पोलकं घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चपला पायात घालून निघून गेल्या. ताईंनी हाक मारली नाही. पारशीण बाई समोर होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या नाहीत. त्या आठवड्यात खोलीतलं सामान बांधून बेडशाला सासूकडे राहायला गेल्या. भावजी रविवारी तिकडे जायचे. मी दुकानात राहिले. माझ्या घरात मुलं होती, आणि ताईंनाही कुणीतरी हवंच होतं.

पुढल्या वर्षी ताईंनी त्याच चिटाची दुसरी पेटी मागवली. केशवरावांनी विचारलं होतं की तो डाग ठेवायचा की काढून टाकायला सांगायचं. ताईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग कळवलं, ठेवा. गिऱ्हाईक डागासाठीच येत होतं. त्यानंतरही पेट्या आल्या. दुकानाला पाटी लागली, तिसरी मशीन आली. दीर अनंतराव एकदा स्वतः येऊन सगळं बघून गेले आणि अटीचं नाव पुन्हा निघालं नाही. ताईंना जे हवं होतं ते मिळालं. पण हातशिलाईला जी बाई यायची तिच्यात त्यांना खोट दिसायची. महिना-दोन महिन्यांत तिला काढायच्या. आक्कांच्या जागेवरची गादी कुणाला बसायला द्यायच्या नाहीत, आणि का ते सांगायच्याही नाहीत.

मग लढाई पेटली. जपान त्यात उतरलं आणि तिकडचा माल बंद झाला. होता तो शेवटचा तागा दिवाळीच्या आधीच विकला गेला होता. पौषात एका सकाळी ताई म्हणाल्या, सरू, आज दुकान नाही उघडायचं. आपण बेडशाला जाऊ.

कामशेतला उतरून आम्ही चालत निघालो. पवन मावळाच्या वाटेला हरभरा फुलावर होता. ताईंना चालायची सवय नव्हती, पण त्या माझ्या पुढे होत्या. निम्म्या वाटेवर त्या एकाएकी म्हणाल्या, "तो कोपरा मी कापला का नाही, ठाऊक आहे?"

मी पावलं उचलून त्यांच्या बरोबरीला आले.

"ते गेल्यापासून माझ्या कुठल्याही वस्तूला कुणी कुंकू लावलं नव्हतं. माझ्या हातून झालेल्या गोष्टीला लावावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. मला पुसवेना ते."

मी म्हटलं, ताई, हेच आक्कांना सांगा. एवढंच सांगा, दुसरं काही बोलू नका. त्या म्हणाल्या, तेच सांगायला चालले आहे. पुढे सगळ्या वाटेने त्यांचे ओठ हलत होते.

आक्का अंगणात वाल पाखडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी टाकली. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर तोंड फिरवतील. तसलं काही नाही. दुकानाची चौकशी केली, माझ्या मुलांची केली. ताईंना भाकर विचारली नाही. पितळीत दूध आणून पुढे ठेवलं, परक्या पाहुण्याला द्यावं तसं. ताईंनी पितळी हातात घेतली आणि त्यांना काय झालं कोण जाणे. वाटभर घोकलेलं बाजूला राहिलं आणि रोजच्या सवयीने दुकानातला शब्द तोंडात आला.

"अंबूबाई, आता परत या. कुंकवाचं सगळं संपलं."

आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. करंड्यातलं कुंकू सरलं तर वाढलं म्हणतात. ते संपलं असं कुणी वैऱ्याच्या दारातही बोलत नाही. ताईंना हे काय ठाऊक नव्हतं? पण गेली कितीतरी वर्षं कुंकवाचं म्हणजे त्यांच्या लेखी त्या चिटाचा तागा होता.

आक्कांचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईंच्या ध्यानात आलं तसं त्यांनी पितळी खाली ठेवली. दूध सांडलं. त्या म्हणाल्या की तसं नाही, कापड, कापड संपलं म्हणते मी, शेवटचा तागा विकला, आता जपानहून यायचा नाही, आता भ्यायचं काही कारण नाही.

"इकलं म्हंजी झालं व्हय ताई?" आक्का सावकाश म्हणाल्या. "लोकांच्या घरातच हाय की ते. धुत्यातच की."

वाटेत मला सांगितलेलं त्यांनी आता तरी सांगावं म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मग सांडलेलं दूध पदराने पुसायला लागल्या. आक्कांनी त्यांच्या हातातून पदर सोडवला, म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, मी सारवीन.

सावल्या लांबल्या तशा आम्ही उठलो. आक्का दारापर्यंत आल्या. ताईंनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "येते, अंबूबाई."

निरोप घेणाऱ्याला 'या' म्हणतात. आक्का शेजारच्या पोराला विहिरीवर धाडतानासुद्धा 'जा' म्हणायच्या नाहीत, 'जाऊन ये' म्हणायच्या.

"जावा," आक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या.

गावाबाहेर आल्यावर ताई थांबल्या. मग त्यांनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या शेवटी. मी म्हटलं, गाडी चुकेल म्हणून घाईने म्हणाल्या असतील. ताईंनी मान हलवली. कामशेतला गाडीला पुष्कळ वेळ होता. आम्ही फलाटावर बसून राहिलो, दोघीच.